वाकड्या बोटांवरची कंडरा-शस्त्रक्रिया आणि रुग्णाचे समाधान : एक आढावा

व्यंग आणि त्यावरचा उपाय

पायाच्या अंगठ्याखेरीजची चार बोटे वाकडी होऊ लागली की सुरुवातीला त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. मात्र बोटाच्या पाठीवर भोवरी उठली, तळव्याला घट्टा पडला आणि नेहमीचे पादत्राण चढवणे जिकिरीचे झाले की रुग्ण अस्थिरोगतज्ज्ञाकडे येतो. या प्रत्येक बोटात तीन पेरे व तीन सांधे असतात : पावलाच्या लांब हाडाशी जोडलेला मुळाचा सांधा, मधला सांधा आणि टोकाचा सांधा. मधला सांधा खाली दुमडून राहिला तर त्या व्यंगाला हॅमर टो म्हणतात. मुळाचा सांधा वर उचलला जाऊन पुढचे दोन्ही सांधे खाली वळले आणि बोटाला पंजाचा आकार आला तर क्लॉ टो. आणि केवळ टोकाचा सांधा खाली वाकला तर मॅलेट टो. पुढून निमुळती व टाचेला उंच असलेली पादत्राणे, अंगठा आत वळून शेजारच्या बोटाला रेटणे, संधिवात, मधुमेहामुळे किंवा कुष्ठरोगामुळे दुबळ्या झालेल्या नसा, पोलिओ, शार्को-मरी-टूथ यांसारखे आनुवंशिक मज्जातंतूविकार अशी त्याची कारणे अनेक आहेत आणि एकाच पायात त्यांपैकी दोन-तीन एकत्र आढळणे नवलाचे नाही.

स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्याला कंडरा म्हणतात. नडगीपुढच्या व पोटरीतल्या स्नायूंच्या लांब कंडरा बोटाला वर उचलतात किंवा खाली वाकवतात, तर पावलातच उगम पावणारे आखूड स्नायू मुळाचा सांधा खाली धरून पुढचे सांधे सरळ ठेवतात. हे आखूड स्नायू दुबळे पडले की लांब कंडरांना आवर घालणारे कोणी उरत नाही. वरची कंडरा मुळाचा सांधा वर खेचते, खालची कंडरा टोक खाली ओढते आणि बोट दोन्हीकडून दुमडत जाते. कंडरा-स्थानांतर या शस्त्रक्रियेत बोट वाकवणारी लांब कंडरा शेवटच्या पेऱ्याखालून सोडवून, पहिल्या पेऱ्याच्या बगलेने वर आणून, बोटाच्या पाठीवरच्या आवरणाला शिवतात. त्यामुळे जो स्नायू आजवर बोट दुमडत होता तोच मुळाचा सांधा खाली दाबू लागतो आणि मधला सांधा सरळ करण्यास हातभार लावतो. हाड न कापता, व्यंग घडवणारी ओढच व्यंग सुधारण्याच्या कामी लावण्याची ही कल्पना शल्यचिकित्सकांना दीर्घकाळ आकर्षक वाटत आली आहे. मात्र तिचा उपयोग मुख्यतः लवचीक व्यंगात, म्हणजे हाताने दाबल्यावर बोट सरळ होते अशा अवस्थेत होतो. सांधा कायमचा आखडला असेल तर केवळ कंडरा हलवून भागत नाही.

कल्पनेचा प्रवास

अंगठ्याच्या पंजासारख्या व्यंगासाठी अंगठा वर उचलणारी कंडरा सोडवून पहिल्या लांब हाडाच्या मानेत ओवण्याची पद्धत रॉबर्ट जोन्स यांच्या नावाने ओळखली जाते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1916 साली, त्यांनी सैनिकांच्या पावलांसंबंधी केलेल्या लेखनातून ती रूढ झाली. लहान बोटांसाठीच्या स्थानांतराचे श्रेय ऑक्सफर्डच्या जी. आर. गर्डलस्टन यांना दिले जाते आणि 1951 साली आर. जी. टेलर यांनी पंजासारख्या बोटांवरील या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केल्यापासून ही शस्त्रक्रिया गर्डलस्टन-टेलर या जोडनावाने पाठ्यपुस्तकांत आली. 1973 साली पॅरिश यांनी कंडरा मधोमध चिरून तिच्या दोन फांद्या पेऱ्याच्या दोन्ही बाजूंनी वर घेण्याचा बदल सुचवला. ओढ दोन्हीकडून समतोल राहावी हा त्यामागचा हेतू होता आणि आज प्रचारात असलेल्या बहुतेक पद्धती याच बदलाच्या वंशातल्या आहेत.

1980 च्या दशकापासून या शस्त्रक्रियेचे क्षेत्र बदलले. थॉम्पसन व हॅमिल्टन यांनी 1987 साली दुसऱ्या बोटाच्या मुळाच्या सांध्याच्या अस्थिरतेकडे लक्ष वेधले : हा सांधा खालून धरून ठेवणारी जाड गादी, जिला तळपट्टी म्हणता येईल, ती झिजते किंवा फाटते आणि बोट वर सरकू लागते किंवा अंगठ्यावर चढते. थॉम्पसन व डेलँड यांनी 1993 साली या दुखऱ्या अस्थिरतेसाठी कंडरा-स्थानांतराचा वापर मांडला, तर 1999 साली हदाद व सहकाऱ्यांनी अंगठ्यावर चढलेल्या दुसऱ्या बोटासाठी दोन निरनिराळ्या कंडरांच्या स्थानांतरांचा अनुभव एकत्र मांडला. मूळ शस्त्रक्रिया स्नायूंच्या असमतोलावरचा उपाय होती. आता ती फाटलेल्या आधाराची उणीव भरून काढणारी ठरली. समाधानाविषयीचे आकडे वाचताना हा फरक सतत ध्यानात ठेवावा लागतो, कारण नसांच्या विकाराने वाकलेल्या बोटांचा तरुण रुग्ण आणि दुसऱ्या बोटाच्या मुळाशी ठणका लागलेली साठीतील स्त्री या दोघांवर कागदोपत्री एकाच नावाची शस्त्रक्रिया होत असली, तरी तिच्याकडून त्यांच्या अपेक्षा एक नसतात.

समाधान मोजण्याच्या पट्ट्या

सुरुवातीच्या दशकांत निष्कर्ष ठरवण्याचे काम शल्यचिकित्सकच करीत; उत्तम, चांगला, बरा आणि वाईट अशा चार श्रेणींत बोट बसवले जाई आणि त्यात सरळपणाला मोठे वजन असे. पुढे रुग्णालाच विचारण्याची पद्धत आली, परंतु बहुतेक वेळा तो प्रश्न ‘आपण समाधानी आहात का’ किंवा ‘हीच शस्त्रक्रिया पुन्हा कराल का’ एवढ्यावरच थांबत असे. हे दोन्ही प्रश्न एक नाहीत. वेदना कमी झाली म्हणून पुन्हा शस्त्रक्रियेला तयार असलेला रुग्ण बोटाच्या ताठरपणाबद्दल नाराज असू शकतो. याउलट, निष्कर्षावर खूश असलेला रुग्ण पुनर्वसनाच्या दीर्घ काळामुळे दुसऱ्या पायाला हात लावू देत नाही, हेही घडते.

1994 साली अमेरिकन ऑर्थोपेडिक फूट अँड अँकल सोसायटीने प्रसिद्ध केलेली 100 गुणांची पट्टी अनेक वर्षे या क्षेत्राची सामाईक भाषा ठरली. लहान बोटांसाठीच्या तिच्या आवृत्तीत वेदनेला 40, कार्यक्षमतेला 45 आणि बोटाच्या ठेवणीला 15 गुण आहेत. कार्यक्षमतेच्या 45 गुणांपैकी 10 पादत्राणासाठी राखलेले आहेत : नेहमीचे वा फॅशनचे बूट घालता आले तर पूर्ण 10, आरामदायी बूट लागत असतील तर 5 आणि खास बदल केलेले बूट लागत असतील तर शून्य. मुळाच्या सांध्याच्या हालचालीला 10, पुढच्या सांध्यांच्या हालचालीला 5, सांध्याच्या स्थैर्याला 5 आणि घट्टा वा भोवरी यांना 5 गुण मिळतात. म्हणजे रुग्णाच्या अनुभवाला आणि तपासणाऱ्याच्या निरीक्षणाला एकाच बेरजेत बसवले आहे. कंडरा-स्थानांतराने हालचाल काहीशी कमी होणे जवळजवळ अपेक्षितच असते, त्यामुळे बोट पूर्ण सरळ आणि वेदनारहित असूनही गुण कापले जातात आणि रुग्ण समाधानी असूनही पट्टीवर मागे पडतो, उलटही घडते. या पट्टीची शास्त्रीय कसोटी अपुरी असल्याचे आक्षेप साचत गेले आणि 2011 साली सोसायटीनेच आपल्या निवेदनात तिच्या पुढील वापराची शिफारस मागे घेतली. आपण रूढ केलेले माप अपुरे आहे असे एखाद्या व्यावसायिक संस्थेने जाहीरपणे म्हणणे ही या क्षेत्राच्या दृष्टीने महत्त्वाची घटना होती.

त्यानंतर केवळ रुग्णाने भरायच्या प्रश्नावल्यांकडे कल वाढला. 1991 ची 23 प्रश्नांची फूट फंक्शन इंडेक्स, 2005 ची फूट अँड अँकल अॅबिलिटी मेझर आणि ऑक्सफर्डमध्ये विकसित झालेली 16 प्रश्नांची मँचेस्टर-ऑक्सफर्ड प्रश्नावली या त्यांतील परिचित होत. शेवटच्या प्रश्नावलीत चालणे-उभे राहणे, वेदना आणि सामाजिक वावर असे तीन विभाग असून पावलाच्या दिसण्याविषयीचा संकोच किंवा पादत्राणाविषयीची अडचण त्यात रुग्णाच्या बाजूने विचारली जाते. प्रश्नावलीचे गुण आणि समाधान हे मात्र समानार्थी नव्हेत. गुणांतून शस्त्रक्रियेआधी व नंतर पडलेला फरक कळतो. समाधान हे त्या फरकाचे रुग्णाने आपल्या अपेक्षेशी लावलेले माप असते.

आकड्यांतून दिसणारे चित्र

कंडरा-स्थानांतराविषयीचे बहुतेक अभ्यास एखाद्या रुग्णालयातील मागील नोंदींवर आधारलेले व मर्यादित संख्येचे आहेत. स्पेनमधील संशोधकांच्या पुढाकाराने 2012 साली प्रसिद्ध झालेल्या संकलित विश्लेषणात अशा विखुरलेल्या अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली आणि समाधानाचे ढोबळ प्रमाण 85 टक्क्यांच्या पुढे निघाले. अंगठ्यावरील सुधारित जोन्स शस्त्रक्रियेविषयी ब्रॉइश व सहकाऱ्यांनी 2000 साली 51 रुग्णांच्या 81 पावलांचा अभ्यास मांडला, त्यातही समाधानाचे प्रमाण 86 टक्के होते. वरवर पाहता रुग्ण समाधानी होतात का, हा प्रश्न येथेच मिटावा.

तो मिटत नाही, कारण जवळजवळ तेच आकडे इतर पद्धतींतही मिळतात. कॉफलिन, डॉरिस व पोल्क यांनी 2000 साली कायम आखडलेल्या हॅमर टोवर मधल्या सांध्याचा हाडाचा भाग काढून केलेल्या शस्त्रक्रियेचे निष्कर्ष दिले : 63 रुग्ण, 118 बोटे, सरासरी पाच वर्षांचा पाठपुरावा, वेदना 92 टक्क्यांत कमी झाली, हाडे 81 टक्क्यांत सांधली आणि समाधान 84 टक्क्यांत नोंदले गेले. कंडरा हलवली काय किंवा हाड कापले काय, समाधानाचा आकडा त्याच पट्ट्यात येतो. यावरून दोन्ही पद्धती सारख्याच गुणकारी आहेत असा निष्कर्ष एका गटाने काढला. ‘समाधानी आहात का’ हा प्रश्नच पद्धतींमधला फरक टिपण्याइतका बारीक नाही, असे दुसऱ्या गटाचे म्हणणे आहे. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. टक्केवारी बोटांची मोजली की माणसांची, हा प्रश्नही अनेक अभ्यासांत नीट सुटलेला नसतो; एकाच रुग्णाची तीन बोटे चांगली झाली आणि चौथे ताठ राहिले, तर बोटांच्या हिशेबाने यश 75 टक्के ठरते, पण तो रुग्ण चौथ्या बोटामुळे असमाधानी असू शकतो.

पक्ष आणि आक्षेप

कंडरा-स्थानांतराचे समर्थक तीन मुद्दे पुढे ठेवतात. व्यंगाचे मूळ असमतोलात असेल तर समतोल साधल्याशिवाय सुधारणा टिकत नाही; सांधा शाबूत राहतो; आणि मुळाच्या सांध्याची अस्थिरता केवळ मधला सांधा सरळ करून जात नाही. तांत्रिक काळजी घेतली, विशेषतः कंडरा शिवताना पाऊल योग्य कोनात धरून ताण बेताचा ठेवला, तर निष्कर्ष चांगले येतात असा त्यांचा अनुभव आहे.

आक्षेप घेणाऱ्यांचा भर ताठरपणावर आहे. मायर्सन व युंग यांनी 2005 साली दुसऱ्या बोटाच्या अस्थिरतेसाठी केलेल्या स्थानांतराचा आढावा घेताना रुग्णांचे समाधान खात्रीने सांगता येत नाही हे नमूद केले आणि नाराजीच्या कारणांत बोटाचा ताठरपणा व उरलेली वेदना ही पुढे आली. शस्त्रक्रियेनंतर बोट कित्येक महिने सुजलेले राहते, त्याच्या बगलेच्या नसा दुखावल्यास बधिरता येते, टोकाचा सांधा स्वतःहून वाकवता येत नाही आणि बोट सरळ असूनही ‘आपले’ वाटत नाही, असे रुग्ण सांगतात. हे शेवटचे गाऱ्हाणे कोणत्याही पट्टीवर उमटत नाही. तरीही रुग्णाच्या तोंडून ते वारंवार ऐकू येते.

तिसरा पक्ष तळपट्टीच्या थेट दुरुस्तीचा आहे. कॉफलिन, बौमफेल्ड व नेरी यांनी 2011 च्या सुमारास फाटलेल्या तळपट्टीचे टप्पे ठरवून तिची पाठीकडून शिवण करण्याची पद्धत पुढे आणली. जे फाटले आहे तेच शिवावे, भलती कंडरा कशाला हलवावी, हा त्यामागचा विचार सरळ आहे. मात्र ही दुरुस्ती बहुतेक वेळा वाइल ऑस्टिओटॉमीसह, म्हणजे पावलाचे लांब हाड तिरपे कापून किंचित मागे सरकवण्यासह केली जाते आणि त्या हाडकापीचे स्वतःचे उपद्रव आहेत : 2011 च्या एका एकत्रित आढाव्यात 1131 ऑस्टिओटॉमींपैकी 36 टक्क्यांत बोट जमिनीला न टेकता अधांतरी राहिल्याचे, 15 टक्क्यांत व्यंग परतल्याचे आणि 7 टक्क्यांत भार शेजारच्या हाडावर सरकून तेथे वेदना उद्भवल्याचे आढळले. अधांतरी राहिलेले बोट काही रुग्णांना जाणवतही नाही, तर काहींना आरशासमोर उभे राहिले की खुपते. निव्वळ तळपट्टीच्या दुरुस्तीचे समाधान किती आणि हाडकापीचे किती, हे वेगळे काढणे आज शक्य झालेले नाही.

ज्या पायांना वेदना कळत नाही

समाधानाच्या चर्चेतून एक मोठा रुग्णवर्ग बाजूला पडतो. कुष्ठरोगात घोट्याजवळची नस बाधित झाली की पावलातील आखूड स्नायू लुळे पडतात, बोटांचा पंजा होतो आणि तळव्याची संवेदनाही जाते; मग बोटांची टोके व तळव्याचा पुढचा भाग दाबाने झिजून जखमा होतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॉल ब्रँड यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरुग्णांच्या हातांवर सुरू केलेल्या कंडरा-शस्त्रक्रियांच्या परंपरेतच पावलांवरील स्थानांतरेही पुढे भारतात रुजली. येथे शस्त्रक्रियेचे उद्दिष्ट वेदना घालवणे हे नाही, कारण वेदना मुळात जाणवतच नाही. बोट आणि पाऊल वाचवणे हे आहे. मधुमेहातील बधिर पावलांसाठी याहून सोपी पद्धत वापरली जाते : बोट वाकवणारी कंडरा सुईने किंवा लहानशा छेदातून सोडून देणे. मधुमेही पावलाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने लवचीक वाकलेल्या बोटाच्या टोकावर जखम असल्यास या उपायाची शिफारस केली आहे आणि डेन्मार्कमध्ये झालेल्या व 2022 साली प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीने तिला बळ दिले. यादृच्छिक चाचणी म्हणजे रुग्णांना कोणता उपचार मिळेल हे निवडीवर न सोडता नशिबाने ठरवून केलेली तुलना. पायाच्या बोटांच्या कंडरा-शस्त्रक्रियांत असा पुरावा दुर्मीळ आहे.

अशा रुग्णाला वेदनेच्या 40 गुणांचा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. त्याचे समाधान जखम भरण्यात, पुन्हा न होण्यात, बोट कापावे न लागण्यात आणि रोजच्या मलमपट्टीतून सुटका होण्यात आहे. कुष्ठरोग्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जोडावी लागते : पंजासारखे बोट हे रोगाचे उघड चिन्ह असते आणि ते नाहीसे झाल्याने समाजात वावरताना येणारी मोकळीक ही त्याच्या दृष्टीने चालण्याइतकीच मोलाची असू शकते.

बूट, चप्पल आणि अनवाणी चाल

वर उल्लेखिलेल्या मापनपट्ट्या बूट घालणाऱ्या समाजांत तयार झाल्या. महाराष्ट्रात आणि एकूणच भारतात पावलाचा दिवस वेगळा असतो : घरात व देवळात अनवाणी, बाहेर अंगठ्याच्या पट्ट्याची कोल्हापुरी किंवा दोन बोटांत अडकणारी स्लीपर, शेतात चिखल, जमिनीवर मांडी आणि उकिडवे बसणे. बंद बुटात वर उचललेले बोट घासते म्हणून रुग्ण अडतो. चपलेत तेच बोट मोकळे राहते, परंतु चप्पल पायात टिकवण्यासाठी बोटांना पकड घ्यावी लागते आणि लांब कंडरा पाठीवर हलवल्यावर टोकाची पकड जाते. ब्रॉइश व सहकाऱ्यांच्या अभ्यासात अनवाणी चालताना अंगठा अडखळणे ही वारंवार आढळलेली अडचण होती. बहुतांश वेळ बुटात वावरणाऱ्या रुग्णाला ती क्वचित जाणवेल, पण अनवाणी वारीला जाणाऱ्या वारकऱ्याला ती पावलोपावली जाणवणारी आहे. विवाहित स्त्रिया दुसऱ्या बोटात जोडवी घालतात. महिनोन्महिने सुजलेल्या आणि जाडसर झालेल्या बोटात जोडवे न चढणे ही काही रुग्णांच्या दृष्टीने किरकोळ बाब नव्हे. पाश्चात्त्य प्रश्नावलीचे मराठीत केवळ भाषांतर केल्याने या गोष्टी तिच्यात येणार नाहीत. पादत्राणाचा प्रश्नच नव्याने मांडावा लागेल आणि त्यात पकड, अनवाणी चाल व जमिनीवरून उठणे यांना जागा द्यावी लागेल.

अनिर्णित प्रश्न

पहिला अनिर्णित प्रश्न तुलनेचा आहे. लवचीक व्यंगात कंडरा-स्थानांतर, तळपट्टीची दुरुस्ती आणि मधल्या सांध्याची शस्त्रक्रिया यांची आमनेसामने, पुरेशा संख्येने व यादृच्छिक पद्धतीने तुलना झाल्याखेरीज समाधानाच्या टक्केवाऱ्या शेजारी ठेवण्याने निर्णय होत नाही. त्यात अडचण अशी की लहान बोटावर एकच शस्त्रक्रिया क्वचित होते. बहुतेकदा त्याच वेळी अंगठ्याचे व्यंगही सुधारले जाते आणि रुग्णाला पाऊल बरे वाटले तर ते बोटामुळे की अंगठ्यामुळे, हे त्यालाही सांगता येत नाही.

दुसरा प्रश्न काळाचा आहे. सूज उतरायला अनेक महिने लागतात, म्हणून सहाव्या महिन्याचे समाधान अपुरे. व्यंग परतायला वर्षे लागू शकतात, म्हणून पहिल्या वर्षाचेही अपुरे. आणि पाच वर्षांनी विचारावे तर अनेक रुग्ण पाठपुराव्यातून गळालेले असतात. गळालेले रुग्ण समाधानी होते की दुसऱ्या डॉक्टरकडे गेले, याची नोंद क्वचितच ठेवली जाते. जे अभ्यास गळतीचा आकडा देत नाहीत, त्यांच्या समाधानाच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

तिसरा प्रश्न अपेक्षेचा. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला काय हवे होते — वेदना जावी, बूट घालता यावा, बोट सुबक दिसावे की जखम भरावी — याची नोंद घेऊन नंतरचे समाधान तिच्याशी ताडणारे अभ्यास कमी आहेत. ताठरपणा येणारच आहे, टोकाची पकड जाणार आहे, सूज रेंगाळणार आहे, हे आधी स्पष्ट सांगितल्याने नाराजी कमी होते असा अनेक शल्यचिकित्सकांचा अनुभव आहे. तसे असेल तर समाधानाचा काही वाटा शस्त्रक्रियेच्या खोलीत नव्हे, तर त्याआधीच्या संभाषणात घडतो आणि तो किती, हे मोजण्यासाठी संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वीच रुग्णाच्या शब्दांत त्याची अपेक्षा लिहून ठेवणे पुरेसे आहे. त्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही.